भुतापेक्षा भारी गप्प बसवणारे

परवा रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात लेकीने हाक मारली, ‘‘आई, ये ना, जुना भुताचा सिनेमा बघू.’’ मला भुताखेतांची हौस नाही. पण लेक दिवसाकाठी तासभर तरी शेजारी बसते, हेच खूप. म्हणून बसले आणि रात्रभर झोप लागली नाही. भुतामुळे नव्हे हं!

सिनेमा होता ‘द नाइट स्टॉकर’. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी खास बनवलेला, जानेवारी १९७२ मध्ये दाखवलेला. जेमतेम सव्वा तासाचा, पण तेव्हा तो विक्रमी संख्येने पाहिला गेला. गोष्ट लास व्हेगासची. कॅसिनोतली रात्रपाळी संपवून एकटी घरी निघालेली तरुणी मारली जाते. मग दुसरी, तिसरी... अंगात रक्ताचा थेंब नाही. कोलचॅक नावाचा चुरगळलेल्या सुटातला बातमीदार शोध घेतो आणि त्याला कळतं, मारेकरी रक्तपिपासू व्हॅम्पायर आहे.

मला धडकी भरली ती पोलिसप्रमुख आणि सरकारी वकिलांच्या बैठका बघून. ‘छापू नका, लोक घाबरतील, शहराचं नाव खराब होईल.’ अहो, पण रात्री कामावर जाणाऱ्या बाकीच्या मुलींचं काय? त्यांना सावध कोणी करायचं?

व्हॅम्पायरची शंका आधी बोलून दाखवते आणि कोलचॅकच्या हातात पुस्तक ठेवते ती त्याची मैत्रीण गेल. तीही कॅसिनोतच काम करणारी. शेवटी कोलचॅक त्या राक्षसाला संपवतो. बक्षीस काय? ‘शहर सोड, नाहीतर खुनाचा खटला भरू.’ गेललाही परस्पर गावाबाहेर काढतात. मेलेल्यांची प्रेतं जाळून पुरावाच मिटवतात. कोलचॅक पेपरात जाहिराती देऊन गेलला शोधत राहतो, साठवलेले पैसे संपतात, पण ती सापडत नाही.

हे बघताना मला आमच्या गावातली एक बैठक आठवली. काही वर्षांपूर्वी रात्रपाळी करून घरी येणाऱ्या एका नर्सच्या मागे एक माणूस रोज यायचा. तिने आमच्या मंडळाकडे तक्रार केली. गावातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, ‘‘ताई, बोभाटा नको. गावाची बदनामी होते, पोरीचंही लग्न व्हायचंय.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी? मीही गप्प बसले. महिन्याभरात त्या मुलीने नोकरी सोडली. तो माणूस मात्र होता तिथेच होता.

ती गेल्यावर आणखी दोघी जणी म्हणाल्या, ‘‘आमच्याही मागे यायचा.’’ प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीच्याच वाट्याला हे आलंय. मग आम्ही दहा-बारा जणी मिळून पोलिसांत गेलो. तेव्हा कुठे चक्र हललं. पण पहिलीला उशीरच झाला ना!

‘लोक घाबरतील’ हे म्हणणं अगदीच खोटं नाही. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराधांना ठार मारलं. ती अफवा होती. पण अफवेवर उतारा असतो खऱ्या माहितीचा, तोंड दाबण्याचा नव्हे. घडलेलं लपवलं की अफवेलाच मोकळं रान मिळतं.

मैत्रिणींनो, व्हॅम्पायर काही आपल्या गल्लीत येणार नाही. पण ‘बोभाटा नको’ म्हणणारे येतील, आणि ते बहुतेक वेळा आपल्या ओळखीचेच असतील. कधी ते शब्द आपल्याच तोंडून निघतील. त्या वेळी एवढंच विचारूया, बदनामी नक्की कोणाची वाचवतोय, आणि उद्या रात्री त्याच रस्त्याने कोणाची लेक घरी येणार आहे?