गंमत ४० डॉलरची

दुसऱ्याच्या लॅपटॉपचा कॅमेरा त्याच्या नकळत चालू करायला मोठं हॅकर असावं लागतं, असं वाटतं ना? छे! ‘ब्लॅकशेड्स’ नावाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन ४० डॉलरला मिळायचं. जगभरात पाच लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यानं पोखरले. ते वापरणाऱ्यांत कॅलिफोर्नियातला, कॉम्प्युटर सायन्स शिकणारा १९ वर्षांचा एक मुलगाही होता. ओळखीच्या-अनोळखी मुलींचे खासगी फोटो चोरून तो त्यांना धमकावायचा. २०१४मध्ये त्याला १८ महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी अनेक देशांत ९०हून अधिक जणांना अटक झाली. त्यात विकणारे होते, तसे विकत घेऊन वापरणारेही.

‘मी कुठे बनवलं?’ ही पळवाट आपल्याकडेही चालत नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असलं काही घुसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो. रात्र रात्र जागते ती कॅमेऱ्यासमोरची मुलगी. म्हणून मित्रानं ‘भारी टूल आहे, बघ’ म्हणत लिंक पाठवली, तर आधी त्या मुलीच्या जागी आपल्या बहिणीला ठेवून बघा. मग डिलीट करा, आणि मित्रालाही सांगा.