हप्ता आधी, सहल नंतर

शाळेच्या कार्यालयात वर्षाकाठी दोन प्रकारचे अर्ज हमखास येतात. पहिला एप्रिलात येतो. सुट्टी लागायच्या आधीच चार-आठ दिवसांची रजा हवी असते आणि कारण असते, ‘सहकुटुंब बाहेरगावी जाणे आहे’. दुसरा जुलै-ऑगस्टात येतो, त्यात फी भरण्यास मुदत मागितलेली असते. दोन्ही अर्ज आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, त्यांचे नवल नाही. नवल याचे, की अलीकडे काही वेळा दोन्ही अर्जांवर सही एकच असते.

कोणाच्या घरात डोकावण्याचा शाळेला अधिकार नाही. पण फी थकली की तिची झळ वडिलांच्या आधी मुलाला लागते. वर्गात नोटीस वाचली जाते तेव्हा तो मान खाली घालतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले. सुज्ञ पालकांनी राग मानू नये.

आम्ही प्रवासाच्या विरुद्ध मुळीच नाही. इंदूरची मराठी माणसे मुळात प्रवास करूनच येथे आली. कोणी होळकरांच्या फौजेबरोबर, कोणी कारकुनी करायला, तर कोणी वैद्यकी अन् भिक्षुकी करायला. आमच्या पिढीला तर सुट्टी म्हणजे प्रवासच वाटे. इंदूरहून मीटर गेजची लहान गाडी, पाताळपाणीचा घाट, खंडव्याला उतरून मोठ्या गाडीची वाट पाहणे, पत्र्याच्या डब्यात दशम्या आणि लसणीची चटणी. पण एक गोष्ट आज विचार केल्यावर ध्यानात येते. त्या प्रवासाला फक्त तिकिटाचे पैसे लागत. पुढे महिनाभर मामाकडे, मावशीकडे, आत्याकडे मुक्काम असे. त्याची परतफेडही पैशांत होत नसे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला तीच मंडळी इंदूरला आपल्याकडे येत, आणि मग आपल्या ओसरीवर दहा गाद्या पडत.

आता मामा पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. मामी नोकरीला जाते. पाच माणसे आठ दिवस त्यांच्याकडे उतरणे त्यांनाही जड आणि आपल्यालाही अवघड. म्हणजे मुक्कामाला हॉटेल आले, जेवण बाहेर आले, फिरायला गाडी आली. जो खर्च पूर्वी नातेसंबंध उचलत होते, तो आता खिशावर पडला. आमच्या वडीलधाऱ्यांनी लग्नासाठी साठवायला शिकवले, घरासाठी, आजारपणासाठी शिकवले. सहलीसाठी पैसे साठवायला त्यांनी शिकवले नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही. ही विद्या आपल्याला नव्याने शिकायची आहे.

ती आपण शिकलो नाही, तोच बाजाराने सोपी वाट दाखवली: आधी फिरा, मग भरा. मोबाइलवर चार ठिकाणी बोट लावले की कर्ज मंजूर. याचा हिशोब आम्ही वरच्या वर्गातील मुलांकडून व्याजाच्या धड्याला करून घेतो, तो येथे देतो. सहलीचा खर्च ६० हजार धरा. १५ टक्के दराने १२ महिन्यांचे कर्ज काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,४१५ रुपये, म्हणजे वर्षाअखेर भरलेले एकूण पैसे ६५ हजारांच्या घरात. कर्ज देणाऱ्याची फी वेगळी. आता दुसरे कुटुंब घ्या. ते आधी वर्षभर महिना ५ हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत, ज्याला आपण आर. डी. म्हणतो, टाकते. व्याज साडेसहा टक्के धरले तर वर्षाने हातात सुमारे ६२ हजार येतात. सहल तीच, डोंगर तेच, हॉटेलही तेच, आणि फरक सात हजारांचा. आमच्याकडील कित्येक घरांत तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

यात मुलांच्या लगेच लक्षात येते ती गोष्ट पुष्कळ मोठ्यांच्या येत नाही. हप्ता दोघेही भरतात, आणि जवळपास सारखाच भरतात. एक आधी भरतो, दुसरा नंतर. मग ‘आमच्याने साठत नाही’ म्हणणारा गृहस्थ कर्जाचे हप्ते बिनचूक कसे भरतो? भरतो, कारण तेथे मागे तगादा असतो. आपणच आपल्या मागे तगादा लावायचा, एवढीच काय ती युक्ती. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप रक्कम वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवली की तेही काम उरत नाही.

‘पण आमचे हप्ते बिनव्याजी आहेत’, असेही एक गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज कोठे तरी असते. कधी फीच्या नावाने, तर कधी न मिळालेल्या सवलतीच्या रूपाने.

कर्ज वाईटच, असेही आमचे मत नाही. आपल्या शहरात रेल्वे आली तीच मुळी कर्जावर. मात्र ते कर्ज शहराने काढलेले नव्हते, दिलेले होते! १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के दराने, १०१ वर्षांच्या मुदतीने एक कोटी रुपये देऊ केले आणि त्यातून खंडवा-इंदूर मार्ग झाला. त्या रुळांवरून पुढे कित्येक पिढ्या गेल्या-आल्या. महू-सनावद हा तुकडा मोठ्या मार्गासाठी बंद झाला तो २०२३ मध्ये. पिढ्यांना पुरणाऱ्या कामासाठी कर्ज असावे, घरासाठी असावे, मुलीच्या शिक्षणासाठी असावे. चार रात्री आणि पाच दिवसांसाठी, पुढच्या दिवाळीपर्यंत फेडायचे कर्ज असू नये.

पैसे कोठे ठेवावे, हा प्रश्न मातापालक सभेत हटकून निघतो. पोस्टाच्या आर. डी.त महिना १०० रुपयांपासून सुरुवात करता येते, पण ती पाच वर्षांची असते. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी ती सोयीची नाही. मोठ्या, लांबच्या बेतासाठी चांगली. वर्षभरासाठी बँकेची बरी. भिशीबद्दल आम्ही जरा सावध आहोत. बायकांच्या बीसीत मेळ असतो, गप्पा असतात, शिस्तही असते, हे खरे. पण पैसे बुडाले तर दाद कोठे मागणार? आणि ‘वर्षभर आमच्याकडे हप्ते भरा, सहल आम्ही घडवू’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहावे. सहल विकणाऱ्याकडेच आपली पुंजी ठेवायला देणे म्हणजे हलवायाकडे उपास सोडण्याचे पैसे आगाऊ भरण्यासारखे आहे. आपले पैसे आपल्या नावावर आपल्या बँकेत असावेत.

आता तारखांबद्दल. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. म्हणजे २० मेला पुण्याच्या गाडीत बसायचे असेल तर २१ मार्चला सकाळी ८ वाजता तिकिटाला हजर हवे. नेमकी तेव्हा परीक्षांची धामधूम असते, घरात सगळ्यांचे लक्ष दुसरीकडे असते, आणि एप्रिलात जाग येते तेव्हा प्रतीक्षा यादी लांबलेली असते. मग तत्काळची धावपळ, आणि तत्काळचे पक्के तिकीट रद्द केले तर पैसे परत नाहीत. आणखी एक. मुलासाठी अर्धे तिकीट, ही जुनी समजूत अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. २०१६ पासून ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका घेतली तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मार्च २०२०मध्ये थांबली. आजी-आजोबा आणि दोन मुले असे सहा जणांचे घर निघाले की तिकिटांचा आकडा अंदाजाच्या कितीतरी पुढे जातो तो असा. तो मार्चमध्ये कळण्यापेक्षा आदल्या मेमध्ये कळलेला बरा.

हिशोब मुलांपासून लपवू नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आम्ही शिकलो हिंदी माध्यमात. शाळेत ‘गुल्लक’ म्हणायचो, घरी आजी ‘गल्ला’ म्हणायची; पण दोन्ही शब्दांत आत पैसे टाकल्याचा तो खळ्ळकन आवाज होता. बँकेतील आर. डी.ला आवाज नाही. म्हणून घरात एक सहलीची वही असावी. किती हवे, किती जमले, किती राहिले, हे दर महिन्याला मुलाने त्यात लिहावे. आमच्या शाळेतील एका मुलीच्या घरी अशी वही आहे. वडील वायरमन, आई डबे करते. आजीला कोल्हापूरची अंबाबाई दाखवायची हा बेत. दीड वर्ष लागले. मधल्या एका महिन्यात वहीत शून्य लिहिलेले आहे, कारण वडिलांचा पाय मुरगळला होता. त्या मुलीने आम्हाला वही दाखवली तेव्हा त्या शून्याकडे बोट दाखवून कारण आपणहून सांगितले. तिला त्याची लाज वाटत नव्हती. प्रवासाचे वर्णन निबंधात पुष्कळ मुले लिहितात, त्यात ‘आम्हाला खूप मजा आली’ याखेरीज फारसे काही नसते. या मुलीला गाडीची वेळ, धर्मशाळेचे भाडे, आजीला जिने किती चढावे लागतील, सारे ठाऊक होते. दीड वर्ष ती मनाने कोल्हापुरातच फिरत होती. कर्ज काढून गेलेल्याला हे आधीचे फिरणे मिळत नाही.

यावर पालकांचे एक उत्तर असते आणि ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. ‘सर, मुलांचे बालपण परत येत नाही. पैसे साठेपर्यंत पोरगा दहावीला जाईल, मग क्लास, मग नोकरी. आम्ही लहानपणी काही पाहिले नाही, त्यांनी तरी पाहावे.’ यात खोटे काही नाही. असे म्हणणाऱ्या बापाचा गळा दाटून आलेलाही आम्ही पाहिला आहे. पण त्याच बालपणात घरातली कुजबुज, फोन वाजला की न उचलणे, महिन्याच्या पाच तारखेची आईची चिडचिड हेही येते. आणि मुले तेही विसरत नाहीत. पैसे कमी असतील तर बेत लहान करावा, पुढे ढकलू नये. महेश्वर आपल्यापासून ९० किलोमीटर. सकाळच्या बसने जावे, घाटावर डबा सोडावा, नर्मदेत पाय सोडून बसावे, हातमागावर साडी विणताना पाहावी आणि रात्री घरी यावे. पाचवीतल्या मुलाला सिंगापूर आणि महेश्वर यांत फरक कळतो तो आपण सांगितला म्हणून. वर्गात ‘तू सुट्टीत कुठे गेला होतास?’ हा प्रश्न विचारण्याची पद्धत आम्ही शिक्षकांना सांगून बंद केली आहे. आता ‘सुट्टीत काय पाहिलेस?’ असे विचारतात. त्याला घराबाहेर न पडलेला मुलगाही उत्तर देऊ शकतो.

आता शाळेकडे. पालकांना उपदेश करायचा आणि शाळेने तीन आठवड्यांची मुदत देऊन सहलीचे दोन-अडीच हजार मागायचे, हे शोभणारे नाही. बऱ्याच ठिकाणी तसेच चालते आणि मग वर्गातील पाच-सहा मुले त्या दिवशी ‘आजारी’ पडतात. व्यवस्थापन समितीपुढे आम्ही असे मांडले आणि ते मान्य झाले, की डिसेंबरच्या सहलीचा अंदाजे खर्च सत्राच्या आरंभीच कळवावा, पैसे जुलै ते नोव्हेंबर पाच हप्त्यांत घ्यावेत, आणि हप्ता चुकला तर मुलाला वर्गात विचारू नये, पालकांना बोलवावे. सहल एका दिवसाची आणि बसने. विमानाची सहल काही शाळा काढतात, त्यांना ती लखलाभ असो.

स्थळ आणि खर्चाचा तक्ता ठरवण्याचे काम यंदा सातवीच्या वर्गाकडे दिले आहे. बसचे भाडे तीन ठिकाणी विचारून या, असे सांगितले होते. ते चार ठिकाणी विचारून आले. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, हेही त्यांनीच शोधून काढले, त्यामुळे मांडूचा खर्च एकदम खाली आला आणि महेश्वरवाल्यांचा गट जरा अडचणीत सापडला आहे. मतदान येत्या शनिवारी चौथ्या तासाला आहे. निकाल सोमवारी फलकावर लागेल. पहिला हप्ता १० जुलैपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावा आणि पावती जरूर मागून घ्यावी.