नव्या रिंगा हायत, तेल खाणारच की!

कोल्हापुरात इंजिन बांधून घेतलेल्या माणसाला महिन्याभरात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "नव्या रिंगा हायत साहेब, थोडं तेल खाणारच की!" पुण्यातही मिळतं, फक्त तिथे 'हायत'चं 'आहेत' होतं. मंडळी, आजचं भांडण या एका वाक्याशी आहे. मिस्त्री लोकांशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला उद्यमनगरात जायची चोरी व्हायची.

हे वाक्य साफ खोटं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ते काही दिवस खरं असतं. होनिंग करताना सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या रेघांची जाळी काढतात. त्या रेघांत तेल टिकतं, आणि रेघांमधले बारीक उंचवटे झिजले की रिंग भिंतीवर नीट बसते. तोवर थोडं तेल वर जाऊन जळणार, मान्य. पण मग त्याला दोन आकडे जोडून द्या की राव! थोडं म्हणजे किती? आणि किती किलोमीटरपर्यंत? पहिल्या हजारापेक्षा दुसऱ्या हजारात कमी, तिसऱ्यात आणखी कमी, असं होत असेल तर रिंगा बसताहेत. आकडा जागचा हलत नसेल तर रिंगा बसत नाहीयेत, किंवा तेल भलतीकडूनच जातंय. आणि आकडाच नसेल तर ती नुसती समजूत घालणं झालं. आमच्या धंद्यात 'बहुतेक चालेल' म्हणून कोड लाईव्ह करणाऱ्याला रात्री दोन वाजता झोपेतून उठवतात. इथे मात्र बिल फाडलं की विषय संपला.

एक उदाहरण देतो. माझ्या एका मित्राची जुनी झेन आहे. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय नाही. इंजिन बांधून घेतलं. बोअर मारला, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं रीतसर. त्यानंतर गाडी हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर तेल प्यायला लागली. अशा छोट्या गाडीच्या चेंबरमध्ये तेल असतंच मुळात तीन-साडेतीन लिटर! गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, मुद्दा एका गॅरेजचा नाहीच) तीन महिने वरचं वाक्य ऐकवलं. मग इंजिन परत उतरवून परत रिंगा बदलल्या. तेल तेवढंच.

मित्र बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता, "आंबा घाट उतरून साखरप्याला आलं आणि पाय दिला, की मागे निळा ढग. चढाला काही नाही." वास्तविक निदान या दोन वाक्यांतच होतं. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. अशा वेळी थ्रॉटल बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. हा व्हॅक्यूम हेडमधलं तेल इनलेट व्हॉल्व्हच्या गाईडमधून खाली ओढून घेतो. पुन्हा पाय दिला की ते साठलेलं तेल जळतं आणि ढग निघतो. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढाला, लोडवर जास्त दिसला असता. शेवटी दुसऱ्या एका मशीन शॉपमध्ये हेड मोजलं तेव्हा कळलं की गाईड ढिले होते. पहिल्या कामात त्यांच्यावर नुसते नवे सील बसवले होते. ढिल्या गाईडवर नवा सील टिकत नाही, कारण व्हॉल्व्हच आतल्या आत डुलत असतो. म्हणजे रिंगांचा दुसरा सेट, दुसरं गॅस्केट, दुसरी मजुरी हे सगळं वाया. का? तर कोणी मोजलं नाही, आणि गिऱ्हाईक सांगत होतं ते कोणी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? क्रम अगदी साधा आहे आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींना पानासुद्धा लागत नाही.

आधी खरंच किती तेल जातंय ते मोजा. सकाळी, इंजिन थंड, गाडी सपाट जागेवर. पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तशाच थंड इंजिनवर, मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. जेवढं लागलं तेवढं गाडी प्यायली. यात एक गोम आहे. आठवडाभर नुसतं ताराराणी चौक ते रंकाळा केलं, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि थोडं पेट्रोल तेलात मिसळतं, त्यामुळे पातळी उतरल्यासारखी वाटतच नाही. मग एक दिवस पुण्याला गेलात की हायवेवर ते पेट्रोल उडून जातं आणि तुम्हाला वाटतं, गाडीने एका दिवसात तेल ढोसलं! म्हणून हजार किलोमीटरांत गावातलं आणि हायवेचं चालवणं, दोन्ही येऊ द्या.

मग गळती बघा. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. त्यानंतर ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा चिमुकला भाग तुंबला तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तेल सीलमधून, रिंगांवरून, जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. इंजिन उतरवण्याच्या मजुरीपुढे याची किंमत काहीच नाही, तरी तो सगळ्यात शेवटी आठवतो.

मग धुराची वेळ. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकच निळा भपका आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. उतारानंतर पाय दिल्यावर आला तर गाईड-सील. लोडवर सतत येत असेल तर रिंगा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत धूर दिसेलच असं नाही, म्हणून तर आधी मोजायचं.

आता कॉम्प्रेशन टेस्ट. आधी कोरडी, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून. तेलाने आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण इथेच एक मोठा घोटाळा होतो. "कॉम्प्रेशन ओके आहे, म्हणजे रिंगा ओके" असं छातीठोक सांगतात. अहो, कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा! भिंतीवरचं तेल खरवडून खाली पाठवणारी ऑईल रिंग तिसरी, आणि ही टेस्ट तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. कॉम्प्रेशन उत्तम आणि तेल मात्र लिटरने, हे अगदी शक्य आहे.

एवढं सगळं झाल्यावरच इंजिन उघडायचा विषय काढायचा. आणि उघडल्यावर ज्या चुका सापडतात त्या बघा. ऑईल रिंगच्या एक्स्पांडरची टोकं एकमेकांना टेकायच्या ऐवजी एकमेकांवर चढलेली. दुसरी रिंग उलटी घातलेली, खुणेची बाजू खाली, म्हणजे तेल खरवडायच्या ऐवजी वर चढवणारी. होनिंगनंतर बोअर नुसता पेट्रोलने पुसलेला. (पेट्रोलने दगडाची बारीक भुकटी निघत नाही हो, गरम पाणी आणि साबणच लागतो. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहिलं पाहिजे, मग लगेच तेलाचा हात.) यातली एकही चूक हेड बसवल्यावर बाहेरून दिसत नाही. म्हणून जे मोजायचं, तपासायचं ते बंद करायच्या आधी, आणि तेव्हाच लिहूनही ठेवायचं.

आणि ही गोष्ट कुठल्या गावात सांगावी लागते आहे? कोल्हापुरात! इथे उचगावला घाटगे-पाटील इंडस्ट्रीजमध्ये सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात. शिरोलीत मेनन पिस्टन्स आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. आज शिरोली, गोकुळ शिरगावातून वाहन कंपनीला माल जातो तेव्हा सोबत मापांचा रिपोर्ट जातो, आणि माप चुकलं तर माल परत येतो. आणि त्याच गावात इंजिन बांधून घेतलं की हातात काय पडतं? एक चिठ्ठी. 'इंजिन काम', पुढे रुपये. बोअरचं माप नाही, पिस्टनचं नाही, रिंगच्या गॅपचं नाही.

यावर ठरलेलं उत्तर: "मापं कशाला? तीस वर्षांचा हात हाय." त्या हाताबद्दल मला खरोखर आदर आहे. मिस्त्री नुसत्या आवाजावरून टॅपेट ओळखतात, ते मला सात जन्मांत जमणार नाही. पण छोट्या पेट्रोल इंजिनात पिस्टन आणि बोअरमधलं अंतर असतं साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी. आपला केस साधारण ०.०७ मिमी जाडीचा. बोअर केसापेक्षाही कमी अंतराने अंडाकृती झाला तर ते कुठल्या नखाला कळणार? शिरोलीत याच गावची पोरं मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरतात, तेव्हा कोणी त्यांच्या हाताचा अपमान झाला म्हणत नाही.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे: "गिऱ्हाईक मोजायचे पैसे देत नाही." इथे आपली, म्हणजे पगारदार मंडळींची पाळी. आपण विचारतो काय? "किती होणार?" आणि "कधी मिळणार?" मापाचे वेगळे पैसे म्हटलं की घासाघीस करतो, आणि तेच इंजिन दुसऱ्यांदा उघडायला निमूट पैसे मोजतो. व्यवस्थित मोजून काम करणारा मिस्त्री महाग पडतो म्हणून आपणच त्याला बाजूला सारतो, आणि मग 'आता पूर्वीसारखी कामं राहिली नाहीत' म्हणून गळे काढतो.

बाहेर हेच कसं झालं बघा. अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटरच्या इंजिनांबद्दल (२००७ ते २००९ च्या कॅमरी वगैरे) तेल पिण्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा कंपनीने आधी तेलाची चाचणी ठेवली. तेल भरायचं, १,२०० मैल चालवायचं, मोजायचं. एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिलीपेक्षा जास्त गेलं तर पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. त्या मर्यादेवर लोक भांडले, आणि भांडावंच. पण निदान भांडायला एक आकडा तरी होता! आपल्याकडे भांडण असतं 'थोडं' आणि 'जास्त' या दोन शब्दांत, आणि त्यात नेहमी गाडीवाला हरतो.

असो. माझी मागणी मोठी नाही. इंजिन बांधायला द्याल तेव्हा बिलासोबत एक कागद मागा. त्यावर प्रत्येक सिलिंडरचा बोअर, वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा. पिस्टनचं माप. रिंगांचे गॅप. व्हॉल्व्ह गाईडमधली ढिलाई. खाली तारीख, किलोमीटर आणि ज्याने मोजलं त्याची सही. या कागदाचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या. उद्या तेल गेलंच तर कुठून गेलं हे शोधायला मिस्त्रीलाही तो कागद उपयोगी पडेल, आणि चूक त्याची नसेल तर सगळ्यात आधी तोच वाचेल.

कागद द्यायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडे इंजिन उतरवू नका.