घरांतील यंत्रें : मोटारीचा टप अर्ध्यावर अडला तर

यंत्र अडलें म्हणजे मनुष्य प्रथम तें पुन्हा पुन्हा चालवून पाहतो, मग चिडून ढकलतो, आणि शेवटीं कोणा जाणत्याच्या हवालीं करून तो मागेल ते पैसे देतो. या तिन्हींच्या आधीं करावयाची एक गोष्ट बहुधा राहून जाते. ती म्हणजे यंत्र कोठें अडलें आणि कसें अडलें हें स्वस्थपणें पाहणें. आमच्या घरांत गेल्या कोजागरीस हा धडा मिळाला. तो वाचकांच्याहि उपयोगीं पडावा म्हणून या महिन्यांत सांगत आहें.

आमचें घर शनिवार पेठेंत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळांत आहे. जुना वाडा जाऊन तेथें आतां चार मजली इमारत उभी राहिली आहे. अंगणांतला औदुंबर मात्र आईच्या आग्रहामुळें वांचला. त्या औदुंबराखालीं माझ्या पुतण्याची मोटार उभी असते. त्यानें ती मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी विकत घेतली. गाडी दोन माणसांची आणि कापडी टपाची. कळ दाबली कीं टप आपोआप दुमडून मागच्या पेटींत जाऊन बसतो आणि डोक्यावर आकाश मोकळें होतें. घरांतल्या वडील मंडळींना हा खर्च मुळींच पसंत नव्हता. पण आईचें सहस्रचंद्रदर्शन नुकतेंच झालें होतें, आणि "आजी, हजार चंद्र तूं खिडकींतून पाहिलेस, पुढचा मी तुला उघड्या गाडींतून दाखवतों," असें पोरानें तिला वचन दिलें होतें.

कोजागरीच्या रात्रीं आई शाल पांघरून गाडींत बसली. मुलें भोंवतीं जमलीं. पुतण्यानें कळ दाबली. टप थोडा उचलला, फार सावकाश मागें सरकला, आणि बरोबर आईच्या डोक्यावर अर्ध्यावर येऊन थांबला. आंतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. पुन्हा कळ दाबतांच तोहि मंदावला. दादा म्हणाले, "चौघे मिळून लोटूं या, जाईल मागें." दोघांनीं हात लावलेहि. मीं त्यांना थांबविलें, आईला खालीं उतरवून घेतलें, आणि मुलांना दूर उभें केलें.

हें कां केलें, तें समजण्यासाठीं टपाची रचना थोडी पाहिली पाहिजे. व्हिक्टोरिया गाडीचा टप हातानें ओढीत असत. मोटारींतहि आरंभीं तेंच होतें. १९३९ मध्यें अमेरिकेंतील प्लिमथ गाडीचा टप निर्वाताच्या जोरावर आपोआप हलूं लागला. पुढें विजेच्या पंपानें दाबलेल्या तेलाची योजना आली. १९५७ च्या फोर्ड स्कायलायनर गाडीनें तर सबंध पोलादी छप्पर मागच्या पेटींत घालून दाखविलें. त्या एका करामतीसाठीं सहाशें फुटांहून अधिक तार लागत असे!

आजच्या पुष्कळ गाड्यांत गाडीच्या मागच्या भागांत एक लहान पंप असतो. विजेची मोटर तो फिरविते, पंप तेल दाबतो, तें तेल बारीक नळ्यांतून नळकांड्यांत जातें, आणि तेथील दट्टे टपाचा सांगाडा उचलतात. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हें पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलेलें तत्त्व येथें उपयोगास येतें. कांहीं नव्या गाड्यांत तेल मुळींच नसतें; विजेच्या मोटरीच दांत्यांच्या साह्यानें सांगाडा हलवितात.

टपाचें काम एका झटक्यांत होत नाहीं. प्रथम पुढच्या कांचेवरचें कुलूप सुटतें, मग मागचें झांकण उघडतें, सांगाडा दुमडून पेटींत बसतो, आणि झांकण पुन्हा मिटतें. गाडीगणिक या क्रमांत थोडा फरक पडतो. प्रत्येक पायरी पुरी झाली कीं तेथला एक लहान खटका तशी वर्दी देतो. वर्दी आली नाहीं, तर गाडीची नियंत्रक पेटी पुढची आज्ञा देत नाहीं आणि टप जागच्या जागीं उभा राहतो. म्हणजे पुष्कळ वेळां टप अडतो तो खबरदारी म्हणूनच. अशा वेळीं चौघांनीं लोटलें, तर तेल वाट देत नाहीं, जोर सांगाड्यावर येतो आणि तो वांकतो. मग जेथें शंभर रुपयांचा खटका बदलावयाचा, तेथें सगळा सांगाडाच नवा आणावा लागतो. शिवाय अर्ध्यावर राहिलेला टप केवळ तेलाच्या दाबावर तोललेला असतो. कित्येक गाड्यांत कांहीं मिनिटांनीं हा दाब सुटतो आणि सांगाडा आपल्या वजनानें खालीं येतो. त्याखालीं कोणाचें डोकें किंवा मुलाचीं बोटें असतां कामा नयेत. सर्व उपायांच्या आधींचा उपाय हा, कीं माणसें बाजूला काढावीं.

त्यानंतर ज्या गोष्टींस पैसाहि पडत नाहीं त्या पाहाव्या. गाडी सपाट जागीं आहे ना? मागची पेटी नीट मिटली आहे ना? सामान आणि टप यांच्यामधला पडदा आपल्या जागीं बसला आहे ना? हा पडदा जरासा सरकला, तरी पेटींत टपास जागा नाहीं असें समजून पुष्कळ गाड्या टप हलवीतच नाहींत. मग बॅटरी पाहावी. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी समजावी. इंजिन चालूं असतां आंकडा १४ च्या जवळ जातो. पंपाची मोटर पुष्कळ वीज ओढते, म्हणून उघड्या जागीं इंजिन चालूं ठेवूनच टप हलवावा. मुलांच्या कौतुकासाठीं लागोपाठ उघडझांप केली तर मोटर तापते आणि तिचें रक्षण करणारी योजना तिला थांबविते. अशा वेळीं अर्धा तास स्वस्थ बसणें हाच उपाय.

एवढें करूनहि टप अडला, तर तीन प्रश्न विचारावे : आवाज येतो कीं नाहीं? चाल कशी आहे? आणि अडण्याची जागा दर वेळीं तीच आहे कीं बदलते?

आवाज मुळींच नसेल, तर दोष विजेकडे शोधावा : फ्यूज, रिले, कळ, तुटलेली तार किंवा वर्दी न देणारा खटका. आवाज मोकळा येतो पण टप हलत नाहीं, तर दोष बहुधा तेलाकडे : तेल उणें झालें आहे, त्यांत हवा शिरली आहे, किंवा टप हातानें हलविण्यासाठीं असलेली झडप कोणी उघडी ठेविली आहे. शेतावरचा पंप हवा धरतो तेव्हां नुसताच फिरतो आणि पाणी ओढीत नाहीं, तसेंच हें. मोटर कण्हत फिरते आणि टप आरंभापासूनच मंद आहे, तर विजेचा दाब कमी पडतो, मोटर थकली आहे, किंवा सांगाड्याचे सांधे कोरडे पडले आहेत. टप नेमका त्याच जागीं थांबत असेल, तर त्या पायरीचा खटका, तेथलें कुलूप, किंवा कापड आंत ओढणारा तुटलेला लवचिक पट्टा पाहावा. आणि एक बाजू पुढें व एक मागें असा टप तिरका चालत असेल, तर मागें राहणाऱ्या बाजूचें नळकांडें व सांधे तपासावे.

तेलाविषयीं एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. घरांत आहे म्हणून ब्रेकचें किंवा इंजिनाचें तेल कधींहि ओतूं नये, कारण भलत्या तेलानें नळकांड्यांतील रबरी कडीं फुगतात किंवा विरतात. तेलाची पातळी पाहतांना टप पुस्तकांत सांगितलेल्या स्थितींत असावा, नाहीं तर नळकांड्यांत गेलेलें तेल हिशेबांत येत नाहीं. आणि तेल उणें भरलें, तर तें गेलें कोठें हें शोधल्यावांचून नुसतें भरून स्वस्थ बसूं नये. नळकांड्यांखालचें अस्तर, आणि पुढच्या कांचेवरच्या चौकटींतहि नळकांडें असेल तर तेथील अस्तर, बोटानें चांचपून पाहावें.

आतां आमच्या गाडीकडे वळूं. त्या रात्रीं पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें पंपावरची झडप सैल केली, तेव्हां सांगाडा हातास हलका लागला. मग दोन्ही बाजूंस एकेक माणूस उभें राहून, दोघांनीं एकाच वेळीं तो पुढें आणून बंद केला. आईनें चंद्र गच्चीवरून पाहिला. मसाल्याचें दूध पितांना पुतण्या एक शब्द बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो गाडी एका दुरुस्तीच्या जागीं घेऊन गेला. तेथें कांहींएक न उघडतां, पंप, मोटर आणि सर्व नळकांडीं नवीं घालावीं लागतील असें सांगण्यांत आलें. खर्च तीन लाखांच्या आंतबाहेर. पोर घरीं येऊन म्हणाला, "काका, मी गाडी विकूनच टाकतों. दादा म्हणत होते तेंच खरें." मीं म्हटलें, "विकावयाची तर विक. पण कशानें अडली तें तरी आधीं पाहूं."

लक्षणें समोर होतींच. आवाज येत होता, पण कण्हता. टप आरंभापासूनच मंद होता. इंजिन चालूं ठेवून बॅटरी मापली तर १४ व्होल्ट भरले; म्हणजे विजेचा दाब पुरेसा. तेल खुणेपर्यंत होतें आणि नळ्या कोरड्या होत्या; म्हणजे गळती नाहीं. झडप सैल असतां सांगाडा हातानें सहज हलला होता. म्हणजे सांधेहि मोकळे. एकेक संशयित असा सुटत गेला आणि शेवटीं मोटर तेवढी उरली.

या गाडींत पंप आणि मोटर टपाच्या पेटीच्या अगदीं खालच्या कोपऱ्यांत बसविलेलीं आहेत. तेथलें अस्तर उचललें, तों आंत पाणी! कापडावरून ओघळणारें पावसाचें पाणी मागच्या कडेच्या पन्हळींतून एका नळीवाटे गाडीखालीं जावें अशी योजना असते. ती नळी औदुंबराच्या पानांनीं, सडक्या उंबरांनीं आणि धुळीनें पक्की बुजली होती. ज्येष्ठापासून चार महिने टप एकदांहि उघडला गेला नव्हता, त्यामुळें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पाणी सांचत गेलें आणि मोटर त्यांत बसून राहिली.

नळी साफ करण्यास आम्हीं मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी वापरली. तार घातली तर भोंक पडतें, आणि जोराची हवा मारली तर नळी आंतल्या आंत सांध्यापासून सुटते. नाना पेठेंतील एका कारागिरानें मोटर खोलली. तिचें बेअरिंग गंजून घट्ट झालें होतें आणि कार्बन झिजले होते. दोन्ही नवीं घातलीं. तेलाच्या नळ्या पुरत होत्या, म्हणून पंप त्या कोपऱ्यांतून काढून वरच्या कोरड्या जागीं बसविला. सगळा खर्च कांहीं हजारांत आटोपला.

अशी गाडी बाळगणाऱ्यांनीं पावसाळ्यांतहि पंधरा दिवसांनीं एकदां, उघडीप पाहून, टप पुरा उघडून मिटावा. त्यानें बॅटरीची परीक्षा होते, रबर चिकटत नाहीं आणि पाण्याची वाट दृष्टीस पडते. ओला टप मात्र दुमडून ठेवूं नये. कापडास बुरशी येते. चैत्र-वैशाखांतील धूळ सांध्यांतून मऊ कुंचल्यानें काढावी. आणि टप चांगला असतांनाच तो किती सेकंदांत उघडतो तें घड्याळावर मोजून गाडीच्या पुस्तकांत लिहून ठेवावें. साधारण १० ते २० सेकंद लागतात. पण आपल्या गाडीचा आंकडा आपल्याला ठाऊक असला, म्हणजे टप मंदावूं लागल्याचें अडण्याच्या आधींच कळतें.

त्रिपुरी पौर्णिमेस आई पुन्हा गाडींत बसली. कळ दाबतांच टप न कण्हतां मागें गेला. पुतण्यानें तिला नदीपात्रांतल्या रस्त्यानें सावकाश फिरवून आणलें. परत आल्यावर ती दादांना म्हणाली, "चंद्र तर पाहिलाच रे. पण त्या दिवशीं तुम्ही लोटायला लागलांत, तेव्हां हें सगळें माझ्या डोक्यावर येतें असें वाटलें होतें मला." ही गोष्ट तिनें महिनाभर कोणापाशीं काढली नव्हती. दादा कांहीं बोलले नाहींत. मात्र तेव्हांपासून रोज सकाळीं फिरावयास निघतांना गाडीवरचीं औदुंबराचीं पानें तेच काढतात.