'सगळे धरून' म्हणजे कोणकोण?

भावाच्या साठीनिमित्त आम्ही घरचे नऊजण उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडोबाला गेलो. जंगलाच्या बफर क्षेत्रालगतच्या एका महागड्या लॉजमध्ये तीन रात्री. लॉजचे नाव देत नाही, कारण प्रश्न एका लॉजचा नाही. पत्रकावर लिहिले होते, 'सर्वसमावेशक कौटुंबिक सुट्टी'. राहणे, खाणेपिणे, सफारी, मुलांचे खेळ, सगळे धरून एकच रक्कम. वहिनीला त्यातली एकच गोष्ट भावली, स्वयंपाक नाही. लग्नाला चौतीस वर्षे झाली. सलग तीन दिवस गॅस न पेटवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तेव्हा आधीच सांगते, बायकांनी अशा सुट्टीला जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पुरुष दमला की त्याला विश्रांती हवी असते, बाई दमली की ती चैन ठरते. ही खोड मोडायलाच हवी.

पण गंमत पाहा. आईचे वय ब्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. उघड्या जिप्सीत चढणे तिला शक्य नव्हते. भाचीचे बाळ आठ महिन्यांचे. या दोघांपाशी कोणी थांबायचे, याची साधी चर्चाही झाली नाही. पहिल्या तीन सफारींना आम्ही बायकाच आळीपाळीने मागे राहिलो. भाऊ आणि जावई तिन्ही वेळा गेले. माणसे वाईट नाहीत. त्यांना सुचले नाही आणि आम्ही बोललो नाही. स्वयंपाकघर घरी राहिले, पण सांभाळण्याचे काम आमच्याबरोबर गाडीत बसून आले होते.

मागे राहिले म्हणूनच खोली आवरायला येणाऱ्या बाईशी माझी ओळख झाली. जवळच्याच गावची. पाहुण्यांच्या न्याहारीचे डबे जिप्सीबरोबर जायचे असतात, म्हणून ती पहाटे साडेचारला घर सोडायची. रात्रीची पाळी असली की परत जायला वाहन नाही. नवरा घ्यायला आला तर ठीक, नाहीतर दोघीतिघी मिळून टॉर्चच्या उजेडात चालत जायच्या. मी विचारले, "वाघाची भीती नाही वाटत?" ती हसली. "तुमी पैसे देऊन वाघ पाहाले येता. आमाले फुकटात दिसते. तवा फोटो काढाले कोनी नसते."

हे वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून आपण मे निवडतो. तोच मे तेंदूपत्त्याचा. बाया पहाटेच रानात शिरतात आणि वाकून पाने तोडतात. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सिंदेवाही तालुक्यात, मेंढा-माल गावच्या तीन बायांना तेंदूपत्ता तोडताना वाघिणीने मारले. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द ताडोबात गणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आपल्याला वाघ दिसतो तेव्हा आपण जिप्सीत असतो, सोबत मार्गदर्शक असतो. त्यांच्यापाशी फार तर एक काठी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. विवाहितांचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी रानात बाईचा वाटा आहे. पत्रकाच्या लेखी मात्र ती कुठेच नाही. त्यावर वाघ आहे, तलाव आहे, हसणारे चौकोनी कुटुंब आहे.

पर्यटनाने गावात काम आणले, हे नाकारून चालणार नाही. ताडोबात आज स्त्रिया मार्गदर्शक म्हणून काम करतात. गणवेशातली, जंगलाची माहिती देणारी बाई आपल्या मुलींनी जरूर पाहावी. पण भांडी, चादरी, संडास यांचे काम करणारी कोणाच्या नजरेस पडत नाही. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद होते, पाहुणे कमी होतात. तेव्हा तिच्या मजुरीचे काय होते?

शेवटच्या दिवशी मी दोन ठिकाणी तोंड उघडले. एक घरात. भावाला म्हटले, आज तू थांब. तो थांबला. बाळाने त्याला पुरते दमवले, पण बिघडले काही नाही. वहिनी आणि भाची दोघी एकदम गेल्या. वाघ दिसला नाही, गव्यांचा कळप दिसला. त्या दिवशीचे वहिनीचे हसू मी विसरणार नाही.

दुसरे, लॉजच्या ऑफिसात. रात्रपाळीच्या बायकांना घरी सोडायला गाडी का नाही? किमान वेतन मिळते का? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. ती आहे का? व्यवस्थापक नम्र होता. म्हणाला, "मॅडम, आजवर एकाही पाहुण्याने हे विचारलेले नाही."

त्याचे म्हणणे खरे असावे. वाघ कुठे दिसेल, पोहण्याचा तलाव केवढा आहे, हे आपण फोनवर दहादा विचारतो. तेवढ्याच सहजपणे हे तीन प्रश्नही पैसे भरण्याआधी विचारू या. आणि निघण्याआधी घरातही एक प्रश्न, मागे कोण थांबणार? एकटीने विचारले तर नम्र उत्तर मिळते. दहाजणींनी विचारले तर कदाचित गाडी मिळेल.

तुमच्यापैकी कोणी असे विचारले असेल, तर काय उत्तर मिळाले ते जरूर कळवा.