चौविहार सांभाळून हर्णे

सहलीचा विषय निघाला तो गोल्फवरून. पुण्याच्या भवानी पेठेतील पाच व्यापारी मित्र रविवारी सकाळी एकत्र जमतात. त्यांतील भुसार व्यापाऱ्याचा मुलगा स्कॉटलंडमध्ये शिकून आला आहे. तिकडे सेंट अँड्र्यूज नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. सहाशे वर्षांचे जुने विद्यापीठ आणि जगप्रसिद्ध गोल्फचे मैदान एकाच गावात असल्यामुळे वसंत ऋतू लागला की मित्रांचे गट तेथे खेळायला जातात, असे त्याने सांगितले. आपणही एकदा गोल्फ खेळायला जाऊ, अशी सूचना पुढे आली. पाचही जणांची पोटे आणि गुडघे लक्षात घेता ती हसण्यावारी गेली. परंतु बी-बियाण्यांचे दुकान चालविणारा मित्र, ज्याने तरुणपणी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेतली आहे, तो म्हणाला, "विद्यापीठाचे गाव आपल्याकडेही आहे. तेथून अर्ध्या तासावर हर्णेचा समुद्र. काठी-चेंडू नको, नुसते चालू."

ठिकाण ठरायला पाच मिनिटे लागली. अडले ते त्यानंतर.

पाचांपैकी कापडाचा व्यापारी गेली काही वर्षे चौविहार पाळतो. मागील दोन सहलींना तो आला नाही. "सीझन आहे, तुम्ही जाऊन या," एवढेच म्हणाला. कापडाला बाराही महिने सीझन नसतो, हे बाकीच्यांना कळत होते. खरे कारणही कळत होते. एका डिसेंबरात सगळे महाबळेश्वरला गेले होते. सूर्य सहाच्या सुमारास मावळला. चौघे पॉइंटवर उभे राहून सूर्यास्त पाहत होते, तेव्हा पाचवा खोलीत एकटा बसून खाकरा आणि थेपला खात होता. रात्री दहाला इतरांची ताटे आली, आणि तो पाण्याचा घोटही न घेता हसतमुखाने त्यांच्यासमोर बसून राहिला. त्याने तक्रार केली नाही. पुढच्या वेळी तो फक्त आला नाही. मंडळींनी हे दोन वर्षे पाहून न पाहिल्यासारखे केले, ही त्यांची चूकच म्हटली पाहिजे.

यंदा सहलीचे वेळापत्रक त्याच्या नियमावरून आखायचे, असे चौघांनी त्याला न सांगता ठरविले.

पहिला प्रश्न तारखांचा. ३१ मार्चपर्यंत दुकान सोडणे शक्यच नव्हते. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला गुळाचा व्यापारी शत्रुंजयाच्या छ गाऊ यात्रेला जातो. चैत्र शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची ओळी. दोन घरांत आयंबील असते, आणि मधल्या त्रयोदशीला महावीर जन्मकल्याणक. अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी, तेथे हजेरी हवीच. पंचांग आणि जीएसटीच्या तारखा समोर ठेवून हिशेब केला, तेव्हा चैत्री पौर्णिमा ते अक्षय तृतीया हे अठरा दिवस मोकळे निघाले. त्यांतून महिन्याची ११ आणि २० तारीख वगळली. उरले त्यांतले तीन दिवस घेतले.

हे दिवस नाइलाजाने निवडले खरे, पण तेच सर्वांत सोयीचे निघाले. हर्णेला डिसेंबरअखेर सूर्य सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी मावळतो. एप्रिलच्या मध्यावर तो सातला पाच मिनिटे कमी असेपर्यंत दिसतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याला पाऊण तास अधिक मिळतो. सकाळचा सूर्योदय सहा-वीसच्या आसपास, त्यात ४८ मिनिटे मिळविली की सात-दहाच्या सुमारास नवकारशी. सहल म्हटली की थंडीतच, हा आपल्याकडील समज चौविहारवाल्यांच्या कधीच सोयीचा नव्हता. चैत्रातला उकाडा सोसावा लागतो. पण दिवस मोठा असतो आणि हापूसही आलेला असतो.

हार्डवेअरवाल्या मित्राने मात्र विरोध केला. विश्रांतीसाठी जायचे आणि तेथेही घड्याळ लावून जेवायचे, ही सहल की तपश्चर्या, असा त्याचा सवाल होता. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्याला रात्री दहाला जेवायची सवय, त्याला सव्वासहाचे जेवण पेलत नाही. शेवटी तोच म्हणाला, "दोन रात्रींचा प्रश्न आहे. चालेल."

मग मुक्काम. हर्णेच्या दक्षिणेला लागूनच मुरूड आहे, महर्षी कर्व्यांचे गाव. तेथे अनेक घरांतून घरगुती शाकाहारी जेवण मिळते. बी-बियाणेवाल्याने एका घरी फोन लावला. कांदा, लसूण, बटाटा नको, हे घरच्या काकूंना लगेच समजले. "तुमच्यात आलं चालतं का हो?" त्यांनी विचारले. ओले आले नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, सुकी चालते, असे ठरले. सोलकढीला लसूण लावू नये, हे आठवणीने सांगावे लागले. बाहेरचे बरेच जण येथेच चुकतात. फणसाच्या कुयरीची भाजी, उकडीचे मोदक, आंबरस यांना अडचण नव्हती. ओल्या काजूच्या उसळीवर मात्र गाडे अडले. गुळाचा व्यापारी फाल्गुन चौमासीनंतर सुकामेवा खात नाही; ओला काजू सुक्यात धरायचा की ओल्यात, हे महाराजसाहेबांना विचारल्याशिवाय त्याला ठरविता येईना. तूर्त उसळ यादीतून निघाली. संध्याकाळचे जेवण सव्वासहाला पाचही जणांना एकाच पंगतीत, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जायचे.

हर्णे बंदराचा प्रश्न नाजूक होता. या बंदराची ख्याती मासळीच्या लिलावाची. जैन मंडळींनी तिकडे पाय ठेवावा की नाही, यावर बराच वेळ गेला. परंतु सुवर्णदुर्गाला जाणारी होडी त्याच बंदरातून सुटते आणि ती कोळी बांधवांचीच असते. ज्यांच्या होडीत बसायचे त्यांच्या बंदराकडे नाक मुरडून पाहणे शोभणार नाही, असे भुसार व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितले. लिलाव सकाळी लवकर आणि दुपार उतरल्यावर चालतो. तेव्हा नवकारशी करून, गर्दी पांगल्यावर नऊच्या सुमारास होडी घ्यायची. चैत्रात दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळेही सकाळच बरी. किल्ल्यावर दुकान नाही, उकळलेले पाणी बरोबर हवे. धक्का नसल्यामुळे खडकांवर उतरावे लागते. गुडघ्यांची परीक्षा तेथे होईल.

सुवर्णदुर्गाच्या दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि भिंतीवर मारुती. आंग्र्यांच्या आरमाराचे हे बलाढ्य ठाणे १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेले. पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते, आणि इंग्रजांकडून कमोडोर जेम्स लढला. त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. त्याचे नाव आजही सेव्हर्नड्रूग कॅसल आहे. सुवर्णदुर्गाचाच तो इंग्रजी उच्चार.

परतीच्या दिवशी सकाळ दापोलीसाठी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा तयार झाला, आणि रत्ना व हापूस यांच्यापासून पुढे 'सिंधू', ज्याची कोय अगदी पातळ. बी-बियाणेवाल्याला आपले जुने वसतिगृह पाहायचे आहे. महामहोपाध्याय काणे आणि साने गुरुजी दापोलीतच शाळेत शिकले, डॉ. आंबेडकरांचे बालपणही काही काळ येथे गेले. पण मित्राच्या बोलण्यात वसतिगृहाच्या खानावळीचेच वर्णन जास्त होते.

सगळे ठरल्यावर कागद घेऊन चौघे कापडाच्या दुकानात गेले. त्याने वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले. सव्वासहाच्या ओळीवर त्याची नजर थोडी थांबली. गादीवरून न उठता त्याने एवढेच विचारले, "होडीचे भाडे किती सांगितले?"

आकडा ऐकून तो म्हणाला, "फार आहे. फोन द्या इकडे, मी बोलतो."