वेबवरील नोंद आणि आपला सातबारा

“नेटवर पाहिलें” एवढें म्हटलें कीं वाद मिटला, अशी समजूत हल्लीं आपल्या शेतकरीवर्गांत रूढ होऊं लागली आहे. बियाणें, औषधें, बाजारभाव, सरकारी योजना, सर्वांचा निवाडा त्या एका शब्दावर होतो. ज्या वस्तूवर इतका विश्वास टाकावयाचा, तिची उत्पत्ति व रचना समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणक एकमेकांस जोडणारें जें जाळें, तें इंटरनेट. त्याचा आरंभ अमेरिकेंत १९६९ सालीं झाला. इंटरनेट हा रस्ता मानला, तर वेब ही त्यावरून चालणारी एक वाहतूक होय. तिचा जन्म जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत झाला. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, कांहीं वर्षें राहून परत जात, आणि त्यांची माहिती निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांत अडकून पडे. ही अडचण जाणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें मार्च १९८९ मध्यें एक योजना वरिष्ठांस सादर केली व १९९० च्या अखेरीस ती चालवून दाखविली.

तिचें मर्म दप्तर हाताळलेल्यास सहज उमगेल. सातबाऱ्यावर वर्तुळांत फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकानें फेरफार नोंदवही उघडली, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे व कशानें गेली तें कळतें. वेबवरील प्रत्येक पानासही असाच स्वतःचा पत्ता असतो. एका पानांतील खुणेच्या शब्दावर बोट ठेवतांच त्या पत्त्यावरचें दुसरें पान, मग तें पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही असो, समोर येतें. नोंदवही उघडण्यास कारकून लागे. हें दप्तर ज्याचें त्यानें उघडावें.

३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही युक्ति कोणतीही फी न घेतां जगास खुली केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठानें आपल्या गोफर नांवाच्या तशाच पद्धतीवर फी बसविण्याचें जाहीर केलें, तेव्हां लोक तिच्यापासून दूर झाले. वेबचा प्रसार झाला तो बव्हंशीं या औदार्यामुळें.

परंतु खुल्या दारानें साव येतो तसा चोरही येतो. फेरफाराची नोंद झाली तरी हितसंबंधीयांस नोटीस जाते, हरकतीस १५ दिवसांची मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच ती पक्की होते. वेबवर अशी पायरीच नाहीं. ज्याच्या मनांत येईल त्यानें लिहावें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, वेबवरील मजकूर पेन्सिलीनें लिहिलेल्या नोंदीप्रमाणें मानावा. कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कशाच्या आधारें लिहिला, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्यावर एक रुपयाही खर्चूं नये.

हा नियम सरकारी पानासही लागू आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, ही मोठीच सोय झाली. पण ती सही उतारा अभिलेखाबरहुकूम आहे एवढेंच सांगते. मूळ अभिलेख बरोबर असल्याची ती हमी नव्हे. हस्तलिखितावरून संगणकांत उतरवितांना क्षेत्राचा एक आंकडा चुकला, तर ती चूकही सहीसह बाहेर पडते. ती कळते बहुधा विक्रीच्या वा वाटणीच्या वेळीं, जेव्हां भाऊ भावाकडे संशयानें पाहूं लागतो.

यास्तव प्रत्येक खातेदारानें घरांतील जुना हस्तलिखित उतारा काढून संगणकीय उताऱ्याशीं नांव, क्षेत्र, आकार व इतर हक्क ताडून पाहावे. लेखनाची चूक आढळल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीचा अर्ज करावा. ज्यांस हें स्वतः साधत नाहीं, त्यांच्यासाठीं संघाच्या प्रत्येक शाखेनें महिन्यांतून एक सायंकाळ राखून ठेवावी, व गांवांतील शिकलेल्या मुलांनीं उतारे मोठ्यानें वाचून दाखवावे. दप्तर आतां दारापर्यंत आलें आहे. तें वाचण्याचा आळस केला, तर पुढें दोष तलाठ्यास देतां येणार नाहीं.